दहा लॅपची रेंज : सिम रेसिंगचं पहिलं स्टिअरिंग निवडतानाच्या नोंदी

रविवार, १ डिसेंबर २०२४

सिम रेसिंग, म्हणजे संगणकावर खऱ्यासारखी गाडी चालवून शर्यत लावायची, ते सुरू करायचं आहे. बजेट ठरलं : ३५,००० रुपये. यात स्टिअरिंग, पेडल, ते बसवायची सोय आणि गेम, सगळं आलं. संगणक घरात आहे तोच : रायझन ५ ५६०० प्रोसेसर, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, २४ इंची मॉनिटर. त्यावर एक रुपयाही खर्च करायचा नाही.

हे सगळं कशासाठी, ते सुरुवातीलाच लिहून ठेवते. शाळेत असताना अण्णा मला रॅली ऑफ महाराष्ट्र बघायला घेऊन गेले होते. नाशिकच्या आसपासच्या मातीच्या रस्त्यावर, बांधावर उभं राहून पाहिलं. धुळीच्या लोटातून गाडी आडवी येते आणि आडवीच वळणातून निघून जाते. आत बसलेल्या माणसाला ती नेमकी कुठे थांबेल हे माहीत असतं, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. सर्किटवर शिकायचं तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, नाहीतर कोइमतूरचं करी स्पीडवे. २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनची शर्यत जिथे झाली ते बुद्ध सर्किट ग्रेटर नोएडात. नाशिकमध्ये राहून, अंबडच्या कंपनीत सहा दिवस शिफ्ट करून मला जवळचं सर्किट एकच, घरातल्या टेबलावरचं.

नोकरी क्वालिटीत. नवीन गेज (मोजायचं साधन) आला की आम्ही आधी त्याचीच परीक्षा घेतो. तोच पार्ट, तोच माणूस, दहा वेळा मोजायचं. दहाही आकडे एकमेकांना चिकटून आले तर गेज वापरायला घ्यायचा. स्टिअरिंगलाही हीच कसोटी लावणार आहे. एकच गाडी, एकच ट्रॅक, दहा स्वच्छ लॅप (लॅप म्हणजे ट्रॅकची एक पूर्ण फेरी). सर्वांत जलद आणि सर्वांत संथ लॅपमधला फरक म्हणजे रेंज. जो बदल रेंज कमी करेल त्याच्यावर पैसे घालायचे. एखादी लॅप नशिबाने जलद लागते, दहा लागत नाहीत.

रविवार, ८ डिसेंबर

एम. जी. रोडवर सकाळ गेली. तीन दुकानं फिरले. दोघांकडे एकाच प्रकारची स्वस्त स्टिअरिंग होती : आत रबराचा ताण, हात सोडला की मधोमध येतं आणि धडकलं की थरथरतं. दुकानदार म्हणाला, “ताई, हेच जातं सगळ्यात जास्त, पोरं खूश असतात.” मी पाच मिनिटं फिरवून पाहिलं. त्यात अडचण अशी की गाडी सरळ असो, वळणात असो किंवा घसरत असो, हाताला ताण सारखाच लागतो. त्या ताणाला टायरची काही खबरच नाही.

फोर्स फीडबॅक म्हणजे नेमकं काय, ते मला आज नीट समजलं. वळणात टायरच्या जमिनीला टेकलेल्या भागावर बाजूचं बल येतं आणि त्यामुळे चाक स्वतःहून सरळ व्हायला बघतं. तोच जोर स्टिअरिंगमधून हाताला लागतो. महत्त्वाचं पुढे आहे. पकड पूर्ण संपायच्या जरा आधीच हा सरळ होण्याचा जोर कमी व्हायला लागतो. म्हणजे पुढची चाकं घसरायच्या आत स्टिअरिंग हातात हलकं पडतं. डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळतं. सिम्युलेटर हा जोर सेकंदाला शेकडो वेळा हिशेब करून काढतो आणि मोटर तो आपल्या हाताला देते. नुसती थरथर देणाऱ्या यंत्रात हा निरोप येतच नाही. म्हणून तो प्रकार यादीतून काढला, कितीही स्वस्त असला तरी.

उरले तीन प्रकार. गिअरवर चालणारं (लॉजिटेक जी २९, जी ९२०, जी ९२३), बेल्टवर चालणारं (थ्रस्टमास्टर टी ३००) आणि डायरेक्ट ड्राइव्ह, ज्यात स्टिअरिंग थेट मोटरच्या शाफ्टवर असतं (मोझा आर ५, फॅनाटेक सीएसएल डीडी). आकड्यात बोलायचं तर जी २९ चा टॉर्क साधारण २.१ न्यूटन-मीटर आणि आर ५ चा ५.५. रिमच्या कडेला हिशेब केला तर पहिल्यात हाताला दीड-पावणेदोन किलोचा जोर, दुसऱ्यात चार किलोच्या आसपास. फरक मोठा आहे, मान्य. पण आर ५ चा पूर्ण संच घेतला तर बजेट तिथेच संपतं आणि ते बसवायचं कशावर, हा प्रश्न उरतो.

शनिवार, १४ डिसेंबर

स्टिअरिंगची यादी बाजूला ठेवली. आधी गेम ठरवायला हवा. सुरुवात मी उलट्या टोकाने केली होती.

आयरेसिंग २००८ पासून आहे. ट्रॅक लेझरने मोजून बनवलेले, शर्यती शिस्तीत आणि सगळे एकाच नियमाने बांधलेले. पण वर्गणी भरावी लागते, शिवाय बहुतेक गाड्या आणि ट्रॅक वेगळे विकत घ्यायचे. शिकायच्या पहिल्या वर्षात दर महिन्याला मीटर चालू असल्याची भावना मला नको. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, २०१९ चा, जीटी थ्री या वर्गाच्या शर्यतीच्या गाड्यांसाठी उत्तम. पण माझ्या कार्डावर जड जाईल आणि पहिल्याच दिवशी पाचशे अश्वशक्तीची गाडी हातात घ्यायची नाही. डर्ट रॅली २.० चा मोह सर्वांत मोठा, त्या बांधावरच्या दिवसामुळे. पण रॅलीच्या रस्त्याला लॅप नसतात आणि माझी पद्धतच दहा लॅप मोजण्याची आहे. रेसरूम फुकटात सुरू करता येतो, तो नंतर कधीतरी. ज्यांना शर्यत नको, नुसतं चालवायचं आहे, त्यांना मी युरो ट्रक सिम्युलेटर २ सांगेन. तो अण्णांसाठी घ्यायचा विचार आहेच.

निवड : मूळ असेटो कोर्सा. इटलीच्या कुनोस सिम्युलाझिओनी या छोट्या चमूने २०१४ मध्ये पूर्ण केलेला. दहा वर्षं जुना, म्हणून माझ्या संगणकावर पळतो. गाडीचं वागणं आजही प्रामाणिक वाटतं. आणि बाहेरच्या लोकांनी त्यासाठी बनवलेल्या गाड्या, ट्रॅक, सुधारणा अमाप आहेत.

रविवार, २२ डिसेंबर

गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाचा हिवाळी सेल चालू आहे. सगळ्या जादा गाड्या-ट्रॅकसह असेटो कोर्सा हजाराच्या आत मिळाला.

कसोटीची अट लिहून ठेवते, पुढे यातलं काही बदलायचं नाही. गाडी : अबार्थ ५००, छोटी, पुढची चाकं ओढणारी, घरच्या हॅचबॅकची सवय असलेल्या माणसाला समजणारी. ट्रॅक : माजिओने, इटलीतला अडीच किलोमीटरचा. छोटा असल्याने एका संध्याकाळी भरपूर लॅप होतात. इंधन १० लिटर, टायरची झीज बंद, तापमान २६ अंश, ट्रॅकची पकड ‘ऑप्टिमम’. एबीएस मुद्दाम बंद, म्हणजे ब्रेक जास्त दाबला की चाक लॉक होणार आणि माझ्या पायाची चूक लपणार नाही. पाच लॅप टायर तापवायला, त्या मोजायच्या नाहीत. मग दहा. ट्रॅकबाहेर गेलेली लॅप बाद, पण तिची नोंद वेगळी.

मामेभावाच्या गेमपॅडवर पहिली मोजणी : रेंज ६.८ सेकंद. बाद लॅप ७.

शनिवार, २८ डिसेंबर

जी २९ घेतलं, सेकंडहँड. इंदिरानगरमधल्या एका कॉलेजच्या मुलाकडून, १५,५०० रुपयांना. तो १७,००० म्हणत होता.

तपासणी कशी केली ते सविस्तर लिहिते, कारण जुनं घेणाऱ्या प्रत्येकाला हे लागेल. आधी वीज न जोडता या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. दाते अडकत नाहीत ना, एखाद्या जागी खडखड नाही ना, ते हाताने बघितलं. मग जोडलं. चालू होताच ते स्वतःहून दोन्ही टोकांना फिरून मध्य शोधतं. तो मध्य सरळ आला का ते पाहिलं. मग विंडोजमधली कंट्रोलर तपासायची खिडकी उघडली आणि एकेक पेडल अगदी हळू दाबलं, दहा सेकंद घेऊन. पडद्यावरची पट्टी गुळगुळीत सरकायला हवी. ॲक्सिलरेटर आणि क्लच ठीक निघाले. ब्रेकची पट्टी मध्यावर दोनदा दचकली. पेडल किती दाबलं ते मोजायला आत पोटेन्शिओमीटर असतो, त्याच्या आतल्या पट्टीवर धूळ बसली की असं होतं. मुलाला दाखवलं. तो म्हणाला, “खरंय ताई, मला वाटायचं गेमच तसा आहे.” दीड हजार त्याने आपणहून कमी केले.

गिअर तिरक्या दातांचे आहेत. सरळ दातांपेक्षा यात बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी जागा, कमी, पण शून्य नाही. मधोमध किंचित मोकळं लागतं. हे माहीत असूनच घेतलं. बेल्टचं किंवा डायरेक्ट ड्राइव्हचं जास्त चांगलं, यात वाद नाही. पण उरलेले १९,००० हातात राहतात आणि मला संशय आहे की रेंज तिथेच कमी होणार आहे.

रविवार, २९ डिसेंबर

टेबलाला क्लॅम्प केलं. दहा लॅप. रेंज ९.४ सेकंद.

गेमपॅडपेक्षा वाईट आलं. तीनदा मोजलं, तीनदा तेच. कारण दुपारी अण्णांनी ओळखलं. चहा घेऊन दारात उभे होते. म्हणाले, “अगं, तू ब्रेक मारतेस की खुर्ची ढकलतेस?”

खुर्ची चाकांची. ब्रेक जोरात दाबला की मी मागे जाते आणि पेडलची पाटी गुळगुळीत फरशीवर पुढे सरकते. पाय किती दाबला याचा मेंदूला पत्ताच लागत नाही, कारण अर्धा जोर घर सरकवण्यात जातोय. अण्णांनी तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली कितीतरी नांदुरीहून सप्तशृंगगडावर चढणाऱ्या घाटात. ते म्हणाले, “सीट हलते तोवर पायाला अंदाज येत नाही. आधी सीट पक्की कर, मग स्टेरिंगचं बघ.”

आज तात्पुरतं : खुर्चीची चाकं काढून टाकली, पेडलची पाटी भिंतीला टेकवली, मध्ये जुन्या पायपुसण्याची घडी. रेंज ५.१. खर्च शून्य.

बुधवार, १ जानेवारी २०२५

सुट्टी नव्हती. रात्री फक्त पाच लॅप.

रविवार, ५ जानेवारी

आज डोळ्यांचं काम. ब्रेक कुठे लावायचा हे मला रोज वेगळ्या जागी वाटत होतं. गेमने दाखवलेलं चित्र खूप रुंद कोनातून घेतलेलं होतं, त्यामुळे वळण खरं असतं त्याहून लांब भासतं आणि वेग जास्त वाटतो. योग्य कोन भूमितीने निघतो : मॉनिटरची उंची आणि डोळ्यापासूनचं अंतर. माझ्या २४ इंची पडद्याची उंची ३० सेंटिमीटरच्या जवळ. ७५ सेंटिमीटरवर बसले तर उभा कोन २२.५ अंश. मॉनिटर स्टिअरिंगच्या अगदी मागे, ६० सेंटिमीटरवर आणला तर २८ अंश. असेटो कोर्सात हा उभा कोनच टाकायचा असतो.

२८ टाकला आणि पहिल्या क्षणी गुदमरल्यासारखं झालं. बाजूच्या काचा गायब, पाइपातून बघतोय असं वाटतं. वीस लॅपनंतर मात्र वळण आपल्या खऱ्या जागी दिसायला लागलं. रेंज ३.९. खुर्चीसारखाच हाही बदल फुकटातला, आणि गुण देणारा. नवीन माणसाने पहिल्या दिवशी हेही करावं असं मी आग्रहाने सांगेन.

मंगळवार, ७ जानेवारी

क्लिपिंग. पेडलची स्थिती दाखवणाऱ्या गेममधल्या छोट्या ॲपमध्ये फोर्स फीडबॅकची पट्टी असते, ती वळणात लाल होत होती. डायल गेजचा काटा शेवटाला टेकला की पार्ट किती जास्त आहे ते कळत नाही, फक्त ‘जास्त’ एवढंच कळतं. इथे तेच. मोटर पूर्ण जोराला पोचली की त्यापुढचा फरक हाताला मिळत नाही, आणि पकड सुटतानाचं ते हलकं होणं तिथेच हरवतं. गेन, म्हणजे फोर्स फीडबॅकचा एकूण जोर, कमी केला, लाल क्वचितच दिसेल इतका. मधल्या मोकळेपणासाठी ‘मिनिमम फोर्स’ (हाताला लागणारा किमान जोर) थोडा वाढवला. पुढची चाकं घसरली की मुद्दाम वेगळा परिणाम देणारी सोय बंद ठेवली, ती टायरची खरी भाषा झाकते.

रेंज ३.६. आकडा फारसा हलला नाही. पण बाद लॅप सातवरून दोनवर. पुढची चाकं सुटताना आता मला आधी कळतं आणि मी हात मागे घेते.

बुधवार, ८ जानेवारी

ब्रेकचा पोटेन्शिओमीटर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. पट्टी गुळगुळीत. काम पंधरा मिनिटांचं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ, पुरणपोळी. संगणक बंद.

गुरुवार, १६ जानेवारी

असेटो कोर्सा ईव्हो आज अर्ली ॲक्सेसमध्ये आला. २० गाड्या, ५ ट्रॅक. चित्रं बघून जीव जातो. माझ्या कार्डाला तो झेपणार नाही आणि अर्धवट तयार गेमवर माझी कसोटी लावता येणार नाही, दर अपडेटला गाडीचं वागणं बदलत राहणार. कंपनीतल्या मित्राने दुपारी जेवताना विचारलं, “काय भो, घेतला का नाही?” अजून वर्षभर नाही.

रविवार, १९ जानेवारी

रिग, म्हणजे सीट, स्टिअरिंग आणि पेडल पक्कं बसवायचा सांगाडा, झाला! तीन शनिवार-रविवार गेले त्यात.

सीट अंबड-सातपूर लिंक रोडवरच्या भंगारवाल्याकडून : मारुती ८०० ची, सरकणाऱ्या पट्ट्यांसकट, १,८०० रुपये. पट्ट्या शाबूत असलेलीच सीट शोधायची. त्या नसतील तर प्रत्येक उंचीच्या माणसासाठी वेल्डिंग तोडायची वेळ येते. सांगाडा ४० बाय ४० च्या, २ मिलिमीटर जाडीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) चौकोनी पाइपाचा. ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्या भाऊंनी माझं ड्रॉइंग बघितलं आणि पेडलच्या पाटीखाली एक तिरकी पट्टी स्वतःहून वाढवली. “ताई, इथे तू लाथ मारणार. सरळ पाइप इथून नमेल.” बरोबर होतं त्यांचं, ते मला सुचलं नव्हतं. पाइप, वेल्डिंग आणि रेड ऑक्साइड मिळून ४,८०० रुपये. जी २९ च्या तळाशी एम ६ चे दोन आटे आहेत, त्यात बोल्ट घालून थेट पट्टीवर बसवलं. क्लॅम्प गेला.

माझा डायल गेज मॅग्नेटिक स्टँडवर लावून पेडलची पाटी किती हलते ते मोजलं. आधी भिंतीला टेकवलेली पाटी ब्रेक दाबताना ६ मिलिमीटर मागे-पुढे होत होती. आता ०.८. ही ०.८ सुद्धा कुठून येते ते शोधलं : सीटची पट्टी. तिथे दोन वॉशर घातले, ०.५ झाली, तिथे थांबले.

रेंज २.७.

अण्णा सीटवर बसले, उतरले, परत बसले. “गुडघा जरा वर येतोय,” एवढंच म्हणाले. पेडल दोन बोटं खाली घेतली. माझ्या पोटरीचं दुखणंही थांबलं.

रविवार, २६ जानेवारी

लॅपचे आलेख काढून बसले. स्टिअरिंगची रेषा दहाही लॅपमध्ये जवळजवळ एकावर एक बसते. ब्रेकची रेषा दहा ठिकाणी. इथे ब्रेक मी डाव्या पायाने दाबते, म्हणजे उरलेली सगळी रेंज डाव्या पायात आहे.

कारण पेडलच्या रचनेत आहे. जी २९ चं ब्रेक पेडल किती अंतर खाली गेलं हे मोजतं. खऱ्या गाडीत हायड्रॉलिक ब्रेक असतो. पॅड डिस्कला टेकले की पेडल जवळपास थांबतं आणि त्यापुढे फक्त जोर वाढतो. पायाला अंतर लक्षात राहत नाही, जोर राहतो. डोळे मिटून जिना उतरताना पायरीची उंची चुकते, पण पिशवी हातात घेतली की दोन किलो की तीन, हे कुणीही सांगतं.

जोर मोजणारं साधन म्हणजे लोड सेल, आणि लोड सेलच्या बाबतीत नाशिकला काही कमी नाही. द्राक्षं, कांदा, टोमॅटो, सगळं काट्यावर. दिंडोरी रोडला मार्केट यार्डाच्या बाजूला वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी खोक्यातून ॲल्युमिनिअमच्या पट्टीसारखा, १०० किलोचा एक काढून दिला, मीटर लावून तपासून, ९०० रुपयांना. कशासाठी हवा हे ऐकल्यावर त्यांनी विचारलं, “पायाने दाबणार? मग वरून आदळू नकोस. सेलला वजन चालतं, दणका चालत नाही.” म्हणून मध्ये रबर घालायचं ठरलं.

आतली गोष्ट सुंदर आहे. पट्टीवर चार बारीक स्ट्रेन गेज (ताण मोजणारे तुकडे) चिकटवलेले. पट्टी डोळ्याला न दिसेल इतकी वाकते, त्यांचा रोध बदलतो आणि त्यांच्या जोडणीतून काही मिलिव्होल्ट बाहेर येतात. ५ व्होल्ट दिले तर पूर्ण वजनाला साधारण १० मिलिव्होल्ट. एवढासा सिग्नल वाचायला एचएक्स७११ नावाची चिप लागते. अनेक काट्यांतही तीच असते. तिथून अर्डुइनो प्रकारच्या प्रो मायक्रो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डात, जो संगणकाला स्वतःची ओळख जॉयस्टिक म्हणून करून देतो. असेटो कोर्सा स्टिअरिंग एका उपकरणावरून आणि ब्रेक दुसऱ्यावरून घेऊ शकतो, त्यामुळे जी २९ ला कापाकापी नाही.

गुरुवार, ३० जानेवारी

ब्रेक उशिरा लागत होता. दोन रात्री प्रोग्राममध्ये चूक शोधली, चूक बोर्डात होती. एचएक्स७११ सेकंदाला १० वेळा किंवा ८० वेळा वाचू शकते आणि माझा बोर्ड १० वर जोडलेला आला होता. काट्यावर टोमॅटोचं क्रेट ठेवायला १० पुष्कळ झाले. पण ताशी १०० किलोमीटरला गाडी दर सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. दहाव्या हिश्श्यात पावणेतीन मीटर. तेवढा ब्रेक मी रोज हवेत मारत होते. चिपची रेट ठरवणारी पिन ग्राउंडवरून (शून्य व्होल्टवरून) काढून पाच व्होल्टला जोडली. ८० झालं.

रबरासाठी टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून शॉक ॲब्सॉर्बरचे बुश आणले, वेगवेगळ्या कडकपणाचे चार. मऊ आधी, कडक मागे असे दोन एकापुढे एक ठेवले. पहिला सेंटिमीटर पेडल जातं, मग भिंत लागते. बाथरूमचा वजनकाटा पाय आणि पेडलच्या मध्ये धरून पूर्ण ब्रेक ३५ किलोला लावला. जास्त ठेवला तर पाय लवकर थकतो, कमी ठेवला तर बारकावे हरवतात.

पहिली मोजणी : रेंज ३.४. वाढली. पायाला जुनी सवय आहे, आठवडा देते.

रविवार, ९ फेब्रुवारी

दहा लॅप. रेंज १.४ सेकंद. बाद लॅप शून्य. पुन्हा दहा : १.५. पुन्हा दहा : १.४.

चाकं लॉक व्हायच्या काठावर मी आता पाय धरू शकते. अजून किंचित दाबलं की टायरची किंकाळी, किंचित सोडलं की ती थांबते, आणि तो ‘किंचित’ पायाला किलोत माहीत आहे.

खर्च : स्टिअरिंग १५,५००, सीट १,८००, सांगाडा ४,८००, लोड सेल ९००, प्रो मायक्रो, चिप, बुश, तारा मिळून आणखी ९००, आणि गेम. बजेटमधले दहा हजारांच्या वर शिल्लक आहेत. ते डायरेक्ट ड्राइव्हच्या डब्यात टाकले. तो दिवस येईल तेव्हा सांगाडा आणि ब्रेक तेच राहतील. कोणी नवीन माणूस मला विचारेल तर मी याच क्रमाने सांगेन : गेम, बसायची जागा, पडद्याचा कोन, ब्रेक, आणि मग स्टिअरिंगची मोठी उडी.

संध्याकाळी अण्णांना बसवलं. आतापर्यंत ते फक्त युरो ट्रक चालवायचे आणि एकच तक्रार करायचे की उभ्या गाडीला स्टेरिंग इतकं हलकं कसं. अबार्थ त्यांनी पहिल्यांदाच घेतली. पाच लॅप त्यांनी तोंडाने काही न बोलता ट्रॅक पाहिला. गिअर खाली घेताना एकदा म्हणाले, “उतारावर चढणीचाच गिअर,” आणि तेच करत राहिले. मग मी मोजायला सुरुवात केली.

माझ्यापेक्षा सरासरी आठ सेकंदांनी संथ. रेंज १.१.

आलेख काढला तेव्हा मी बराच वेळ तशीच बघत बसले. दहा लॅपच्या ब्रेकच्या दहा रेषा एकच जाड रेघ दिसतात. माझ्या वीस मीटर आधी ब्रेक, दर वेळी त्याच फलकापाशी, आणि जोर इतक्या सावकाश चढतो की टायर एकदाही ओरडत नाही. विचारलं, असा ब्रेक का मारता? “मागे माणसं उभी असायची ना. म्हाताऱ्या बायका, डोक्यावर टोपली घेऊन. कोणी पुढे गेलं नाही पाहिजे.” हवेच्या ब्रेकवर शिकलेला पाय, ज्यात पेडल हवेची झडप उघडतं आणि ब्रेकचा खरा जोर पाय देत नाही, तो लोड सेलवर पहिल्याच दिवशी इतका स्थिर कसा, हे मला अजून पूर्ण उलगडलेलं नाही. त्यांचे आलेख वहीत वेगळ्या पानावर चिकटवले आहेत. त्यांचा ब्रेक चढवायचा उतार मोजून मी तोच गिरवणार आहे, फक्त वीस मीटर उशिरा.

उठताना त्यांनी विचारलं, “ह्या गाडीला आरसा नाही का?” आहे, मी बंद ठेवला होता, पडद्यावर जागा खातो म्हणून. चालू केला. डावी-उजवीकडे बघायला स्टिअरिंगवरची दोन बटणं लावून दिली. पुढच्या रविवारी त्यांच्या दहा लॅप पुन्हा, आरशासह.